आगगाडीच्या डब्यातील संसार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघावयाची आहे, तेव्हा तुम्हीही काहीतरी लिहून द्या, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती किंवा भरतकामाचे नमुने लिहून दिले असते, पण त्या विषयावर लिहिणाऱ्या भगिनी माझ्याहून जाणत्या आहेत. मग मनात आले की, गेल्या दोन वर्षांत जो विषय मी आवडीने वाचला, ज्याने मला कित्येक रात्री झोप येऊ दिली नाही, त्यावरच चार शब्द का लिहू नयेत? तो विषय म्हणजे मेक्सिको देशातून अमेरिकेच्या मध्यभागात रेल्वेच्या कामावर गेलेल्या कुटुंबांचा इतिहास.

इतक्या दूरच्या लोकांशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच, की माझे वडील रेल्वेत गँगमन होते. दोन स्टेशनांच्या मध्ये रुळांच्या कडेला जी गँगचाळ असते, तिच्यात माझे बालपण गेले. पहार, खडी, स्लीपर आणि मुकादमाची शिट्टी हे मी जन्मापासून पाहिले. त्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असेच रूळ ठोकणाऱ्यांच्या बायकांनी आगगाडीच्या डब्यात संसार मांडले होते, हे वाचल्यावर ती माणसे मला परकी वाटेनात.

मेक्सिको हा देश तसा आपल्या महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ साली तेथे गेले, चापिंगो येथील सरकारी शेतकी विद्यालयात त्यांनी शिकविले आणि मक्याच्या पिकावर संशोधन केले. १९५५ साली ते मायदेशी परतले व १९६७ साली नागपुरास वारले. मका हे त्या देशाचे दैवतच म्हणावे असे धान्य. त्याच मक्याची गोष्ट पुढे या लेखातही येणार आहे.

आता ही कुटुंबे घर सोडून का निघाली, ते पाहू. मेक्सिकोत १८७६ पासून १९११ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, पोर्फिरिओ दियास यांची सत्ता होती. त्यांच्या काळात आगगाड्या आल्या, खाणी निघाल्या, परदेशी भांडवल आले. पण खेड्यांच्या सामाईक जमिनी मोठमोठ्या जमीनदारांच्या घशात गेल्या. बहुतेक शेतकरी कुटुंबांपाशी स्वतःची म्हणावी अशी जमीन उरली नाही. जमीनदाराच्या वाड्याशेजारी राहायचे, त्याच्याच दुकानातून उधारीने धान्य घ्यायचे आणि ते कर्ज बापाकडून मुलाकडे जायचे, असा प्रकार. आपल्याकडील सावकारी ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे १९१० मध्ये क्रांती पेटली आणि सुमारे दहा वर्षे देश धुमसत राहिला. आज एका सैन्याने गावातील धान्य न्यावे, उद्या दुसऱ्याने राहिलेली कोंबडी न्यावी. १९२६ ते १९२९ या काळात सरकार आणि धर्मपक्षाचे लोक यांच्यात आणखी एक लढाई झाली. ग्वानाह्वातो, मिचोआकान आणि हालिस्को या मधल्या पठारावरील प्रांतांना या सगळ्याची झळ फार लागली, आणि उत्तरेकडे गेलेली माणसे मुख्यतः याच प्रांतांतील होती.

जाण्याची वाट आगगाडीनेच करून दिली. १८८४ साली मेक्सिको शहरापासून उत्तर सरहद्दीपर्यंत रेल्वे पुरी झाली. सरहद्दीपलीकडे एल पासो हे अमेरिकेचे गाव. तेथे अमेरिकन रेल्वे कंपन्यांचे मजूर-ठेकेदार बसलेले असत. त्यांना स्पॅनिश भाषेत ‘एनगांचादोर’ म्हणत. या शब्दाचा अर्थ आकड्यात अडकविणारा. किती नेमके नाव! तत्पूर्वी अमेरिकेच्या पश्चिम भागात रेल्वेची कामे चिनी व नंतर जपानी मजुरांनी केली होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली, १९०७-०८ मध्ये जपानशी करार होऊन तेथील मजुरांचेही येणे थांबले. रुळांना तर माणसे हवीच होती. म्हणून कंपन्यांची नजर दक्षिणेकडे वळली. १९१७ साली अमेरिकेने नवा कायदा करून येणाऱ्यास माणशी ८ डॉलर कर आणि वाचता येण्याची परीक्षा लावली, परंतु मजूर कमी पडताच रेल्वे आणि शेतीसाठी येणाऱ्या मेक्सिकन मजुरांना त्यातून सूट दिली. म्हणजे गरज असेल तेव्हा दार उघडे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग आहे.

सांता फे आणि रॉक आयलंड या कंपन्यांच्या मार्गांवर कॅन्सस आणि इलिनॉय हे प्रांत लागतात. टोपेका, एमपोरिया, न्यूटन, कॅन्सस सिटीचा आर्जेंटाइन हा भाग, इलिनॉयमधील सिल्व्हिस, अशा रेल्वेच्या गावी हे लोक उतरले. विसाव्या शतकाच्या आरंभी दिवसाची मजुरी सुमारे एक ते सव्वा डॉलर असे. गोऱ्या मजुरास ती परवडत नसे, पण मेक्सिकोतील शेतमजुरीच्या मानाने ती कित्येक पट होती. रुळांवर काम करणाऱ्यांना हे लोक ‘ट्राकेरो’ म्हणत. रुळाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यालाच आपल्या भाषेचे शेपूट जोडून हा शब्द त्यांनी केला. आपण नाही का ‘गँगमन’ म्हणतो, आणि तो मराठीच असल्यासारखा वाटतो!

आरंभी एकटे पुरुषच येत. हंगाम संपला की परत जात. मग कंपन्यांच्या ध्यानात आले की, ज्याची बायकामुले जवळ असतात तो माणूस काम सोडून पळत नाही. म्हणून कुटुंबांना आणू दिले, आणि राहण्यास जुने मालगाडीचे डबे दिले. त्या डब्यांची चाके काढून ते रुळांच्या कडेला जमिनीवर ठेवीत. कोठे जुन्या स्लीपरांच्या भिंती करून खोल्या बांधीत. डब्याला दार असते, खिडकी नसते. ती नवऱ्याने करवतीने कापून काढायची. पाण्याचा नळ सगळ्यांत मिळून एक. कॅन्ससमध्ये हिवाळ्यात बर्फ पडते आणि उन्हाळ्यात तो लाकडी डबा भट्टीसारखा तापतो. शेगडीसाठी मुले रुळांवर सांडलेला कोळसा वेचून आणीत. हे वाचले तेव्हा माझे मला हसू आले, कारण लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात कोळशाचे खडे घेऊन येताना मीही आईचा मार खाल्ला आहे. मार कोळशासाठी नव्हता, फ्रॉक काळा केल्यासाठी होता.

आता बायकांचे काम पाहा. इतिहासाच्या पुस्तकांत मजुरांची संख्या असते, मजुरीचा दर असतो. पण पहाटे उठून त्या मजुराचा डबा कोणी भरला, हे सहसा नसते. मेक्सिकन बाईचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होई. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी ते चोळून धुवायचे, म्हणजे वरचे साल निघते. मग ते ओले दाणे तीन पायांच्या दगडी पाट्यावर दगडाच्याच वरवंट्याने वाटायचे. हा पाटा, ज्याला ‘मेताते’ म्हणतात, फार जड असतो; तरीही कित्येक बायकांनी तो गावाहून आगगाडीत घालून आणला होता. त्या वाटलेल्या पिठाचे गोळे हातावर थापून तव्यावर भाजायचे, की ‘तोर्तिया’ झाली. आपली भाकरीच म्हणा ना, फक्त पातळ आणि लहान.

या चुन्याबद्दल एक गोष्ट सर्व भगिनींना आवडेल. मक्यात एक जीवनसत्त्व असे असते, की चुन्यात शिजविल्याशिवाय ते अंगी लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील जे गरीब लोक नुसता मका दळून खात, त्यांना पेलाग्रा नावाचा रोग होऊन अंगावर चट्टे येत, बुद्धिभ्रंश होई आणि हजारो माणसे दगावली. मेक्सिकोच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायका मात्र हजारो वर्षांपासून मका चुन्यात शिजवीत आल्या होत्या. आणि गंमत अशी की, १९१० ते १९३० च्या दरम्यान याच बायकांना ‘अमेरिकन’ करण्यासाठी वर्ग निघाले, त्यांत त्यांना तोर्तिया सोडून पाव खावयास शिकवीत. शिकविणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना मनापासून भले करावयाचे होते. पण भले करायला जाताना समोरच्या बाईला आधीच काही येत असेल, हे विचारावयाचे राहून गेले. आपण मंडळातर्फे वस्त्यांत जातो, तेव्हा आपणही हे आठवावे, असे मला वाटते.

तोर्तिया झाल्यावर काम संपे असे नाही. एकट्या राहणाऱ्या मजुरांना जेवण घालणे, त्यांचे कपडे धुणे, मसाल्याचे सारण भरून वाफवलेले ‘तमालेस’ विकणे, अशी कामे करून बायका वरकमाई करीत. डब्याभोवतीच्या जागेत मिरची, कोथिंबीर, भोपळा लावीत. रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत औषधी वनस्पती आणि फुलझाडे वाढवीत. बाळंतपणे वस्तीतील सुईणच करी. आणि प्रत्येक डब्याच्या कोपऱ्यात ग्वादालुपेच्या माऊलीची तसबीर असे. सावळ्या वर्णाची ही देवी मेक्सिकोच्या लोकांची कुळाची देवताच होय. १२ डिसेंबरला तिचा उत्सव होतो. सिल्व्हिस गावात तर या लोकांनी मालगाडीचेच डबे जोडून तिचे देऊळ केले होते. टोपेकात तिच्या नावाची धर्मसंस्था १९१४ मध्ये स्थापन झाली, आणि १९३३ मध्ये तिच्या मदतीसाठी जी जत्रा सुरू झाली, ती पुढे त्या शहराचाच मोठा उत्सव झाली.

या लोकांचे दुखलेखुपले पाहणारे कोणी नव्हते. रुळांवर माणूस चेंगरला तर विधवेने कोठे जावे? म्हणून त्यांनी परस्पर साहाय्यक मंडळे काढली. प्रत्येकाने दरमहा थोडी वर्गणी द्यायची आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर त्यातून कुटुंबाला मदत व्हायची. १९२० च्या दशकात बायकांनी चालविलेली ‘क्रूस आसूल’, म्हणजे निळा क्रूस, नावाची संस्था टेक्सासात निघून इतरत्र पसरली. तिने आजाऱ्यांची शुश्रूषा केली, गरिबांना अन्नवस्त्र दिले. आपल्या मंडळाचा वर्गणीचा डबा आणि भिशी यांचे हे दूरचे नातेच नाही का?

मुलांच्या शाळेची हकीकत मात्र मनाला लागते. कॅन्ससमध्ये मेक्सिकन मुलांना निराळे बसविण्याचा कायदा नव्हता, तरीही ठिकठिकाणी त्यांच्यासाठी निराळे वर्ग, निराळ्या इमारती केल्या गेल्या. निमित्त भाषेचे. चित्रपटगृहात त्यांनी ठराविक भागातच बसायचे, काही न्हाव्यांनी त्यांचे केस कापायचे नाहीत. प्राथमिक शाळा संपली की मूल कामावर जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चालायचे. १९२५ साली आर्जेंटाइन भागातील चार मेक्सिकन मुले तेथील हायस्कुलात जाऊ लागली, तेव्हा गोऱ्या पालकांनी एकच गिल्ला केला. सातुर्निनो अल्वारादो नावाचे एक गृहस्थ तेथे जोड्यांचे दुकान चालवीत. ते मागे हटले नाहीत. प्रकरण मेक्सिकोच्या वकिलातीपर्यंत गेले, आणि अखेर त्यांची मुले त्याच हायस्कुलातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. पुढे १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला, तो सुप्रसिद्ध खटला याच कॅन्ससमधील टोपेका शहराच्या काळ्या पालकांनी लढविलेला होता.

माझी शाळा कोणी बंद केली नाही. आमच्या गँगचाळीजवळच्या खेड्यात सातवीपर्यंतच वर्ग होते, आणि पुढे दोन स्टेशने गाडीने जावे लागे. मुलीच्या जातीला ते बरे दिसत नाही, असे ठरले. मी त्या वेळी रडलेसुद्धा नाही, कारण असेच असते असे मला वाटले. अल्वारादोंची गोष्ट वाचली तेव्हा मात्र, इतक्या वर्षांनी, थोडेसे रडू आले. ‘असेच असते’ हे न मानणारा एक बाप होता म्हणून मुले शिकली.

आता दार बंद होण्याची गोष्ट. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. लाखो लोक बेकार झाले. १९३० च्या शिरगणतीत मेक्सिकन लोकांची संख्या सुमारे १४ लाख निघाली होती. आता हेच लोक आमच्या तोंडचा घास काढतात, अशी ओरड सुरू झाली. कोठे त्यांना कामावरून काढले, कोठे मदतीचे धान्य देण्यापेक्षा परतीचे तिकीट काढून देणे स्वस्त, असा हिशेब झाला. मार्च १९३१ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्थानिक प्रशासनाने परत पाठविण्याची पहिली गाडी सोडली. इंडियाना प्रांतातील पोलादाच्या गावांतूनही गाड्या भरून गेल्या. किती माणसे गेली याचे अंदाज ४ लाखांपासून १० लाखांच्यावर असे निरनिराळे आहेत. त्यांतील कितीतरी मुले अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने तेथील नागरिकच. ज्यांनी मेक्सिको कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्यांना ‘तुमच्या देशात जा’ असे सांगण्यात आले. कॅलिफोर्निया राज्याने या अन्यायाबद्दल २००५ साली कायदा करून माफी मागितली. तोवर त्या गाड्यांतील बहुतेक आया देवाघरी गेल्या होत्या.

तरीही पुष्कळ कुटुंबे टिकली. शेवटी सिल्व्हिसची गोष्ट सांगते. तेथील रेल्वेच्या आवारात डब्यांतून राहणाऱ्या कुटुंबांविरुद्ध, हे लोक कर देत नाहीत, अशी तक्रार झाली आणि १९२९ च्या सुमारास त्यांना आवाराबाहेर जावे लागले. ती गावाच्या कडेला सेकंड स्ट्रीट नावाच्या कच्च्या गल्लीत जाऊन राहिली. गल्ली ती केवढी, तर हाकेच्या अंतरात संपणारी. दुसरे महायुद्ध आणि नंतरचे कोरियाचे युद्ध मिळून या एवढ्याशा गल्लीतून ५७ जण लढाईवर गेले. सँडोवाल आडनावाच्या दोन घरांतूनच १३ मुलगे गेले. गल्लीतील ८ जण परत आले नाहीत. ६ महायुद्धात गेले, २ कोरियात. जे परत आले त्यांना तेथील माजी सैनिकांच्या संघटनेत जागा मिळेना, तेव्हा त्यांनी आपली निराळी शाखा काढली. युद्धानंतरही कित्येक वर्षे ती गल्ली चिखलाचीच होती. पुढे १९६० नंतरच्या दशकात तिचे नाव बदलून ‘हीरो स्ट्रीट’, म्हणजे वीरांची गल्ली, असे करण्यात आले.

त्या आठ जणांची नावे दगडावर कोरलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण मला राहून राहून त्यांच्या आयांचा विचार येतो. डब्याला खिडकी नसताना ज्यांनी बाळंतपणे काढली, कोळसा वेचून ज्यांनी ती मुले थंडीत जगविली, त्या बायकांनी तारेचा कागद कोणाकडून वाचून घेतला असेल? बहुतेकींना इंग्रजी येत नव्हते. शाळेत गेलेल्या धाकट्या मुलीनेच तो वाचून दाखविला असेल, असे मला वाटते.

या कुटुंबांची जी माहिती आज मिळते, तिच्यातील बरीचशी त्यांच्या मुलानातवंडांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारून लिहून घेतलेली आहे. कंपनीच्या दप्तरात डब्याचा नंबर असतो. त्यात कोण जन्मले, ते नसते. म्हणून माझी आपल्या मंडळाला एक नम्र सूचना आहे. आपल्या सभासदांत सत्तरी ओलांडलेल्या अकरा भगिनी आहेत. कोणी कोकणातून आली, कोणी खानदेशातून, कोणाचे घर धरणाखाली गेले, कोणी नवऱ्याच्या बदलीमागे बारा गावे फिरली. येत्या वर्षी दर महिन्याला एकीच्या घरी आपण दोघीतिघींनी वही घेऊन जावे. प्रथम कोठे उतरलात, पहिली चूल कशावर मांडली, पाणी कोठून आणलेत, एवढेच विचारावे.

माझी आई त्या अकराजणींत नाही. तिला हे विचारायचे माझ्याकडून राहिले. इतरांचे राहू नये, म्हणून हा लेख.